उजवीकडची अक्षरं

रविवारी सकाळी दहा वाजायच्या आत जिन्यात चपलांचा खच पडे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात उशिरा पोचणाऱ्याला बसायला जागा मिळत नसे, उभं राहायला मिळाली तर काही दिसत नसे, आणि तरी कुणी परत जात नसे. सात महिने मुका असलेला म्हातारा तिथे बोलत होता.

तोंडानं नव्हे, बोटानं. खिडकीजवळच्या खुर्चीत त्याला उशांचा टेकू देऊन बसवलेलं असे. समोर टेबल, टेबलावर लाकडी पाटी, पाटीवर पिवळ्या रंगात मुळाक्षरं आणि खाली काना-मात्रांची वेगळी ओळ. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही जिन्यात पडला त्या दिवशी एका झटक्यात गेलेली. उरलेला डावा हात वाचामित्राच्या हातात.

वाचामित्र ही पदवी त्या गृहस्थानं स्वतःच स्वतःला दिलेली. कुणी 'महाराज' म्हटलं की तो दोन्ही हात हलवून नको नको म्हणे. मात्र हात हलवण्याआधी ते दोनदा म्हणून झालेलं असे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज मधात बुडवून काढलेला.

"मी कोण? हाताखालची उशी," तो सांगे. "शब्द बाबांचे, इच्छा बाबांची. मी नुसती थरथर काढून घेतो. मेंदूचा हमरस्ता बंद पडला तरी मनाची पायवाट उघडी असते, मंडळी. आपण फक्त वाटेतले काटे उचलायचे."

काटे भराभर उचलले जात. बोट पाटीवर सरके, थबके, टक्कन अक्षरावर पडे. शेजारी बसलेल्या शाळेच्या बाई खणखणीत आवाजात अक्षर उच्चारत, शब्द जुळवत. वीस वर्षं प्राथमिक शाळा चालवल्यामुळे त्यांनी वाचलेलं कुणालाही खरंच वाटे.

"देह पिंजरा आहे," बाईंनी त्या रविवारी वाचलं. "पण मी आकाशात आहे."

खोलीभर सुस्कारा फिरला. म्हातारा जन्मभर घड्याळजी होता. पंचेचाळीस वर्षांत त्याच्या तोंडून गेलेलं सगळ्यात लांब वाक्य 'उद्या या, होऊन जाईल' हे होतं, आणि तेही बहुधा खोटं ठरे. तो एकाएकी पिंजरे आणि आकाश करू लागला, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. आजारपणानं माणूस खोल होतो, असं तळमजल्यावरच्या औषधवाल्यानं सांगितलं, आणि औषधवाला सांगतो म्हटल्यावर ते पटलं.

दाराच्या चौकटीला टेकून, कुणाच्या अंगाला अंग लागणार नाही अशी, त्याच घरची सून उभी होती. घरात पाऊल टाकायची तिला मनाई होती. पाच रविवारांपूर्वी नवऱ्यानं भर मंडळींत विचारलं होतं, "बाबा, जिन्यात तुम्ही पडलात की कुणी पाडलं?" बोटानं फार वेळ घेतला नाही. 'सुनेनं ढकललं.' संध्याकाळी ती बॅग घेऊन आईकडे गेली. सात वर्षांची मुलगी या घरात राहिली. दर रविवारी कार्यक्रम संपेपर्यंत जिन्यात तिला भेटायचं, एवढी सवलत. आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी, पोलीस अधिकारी घरी येऊन म्हाताऱ्याचा जबाब पाटीवरून लिहून घेणार होते. तो एकदा कागदावर उतरला की जिनाही बंद.

"मी एक विचारू का?" सासूनं पदराशी चाळा करत म्हटलं.

"विचारा ना आई. ते तुमचीच वाट बघताहेत," वाचामित्र म्हणाला. "फक्त मोठ्यानं विचारा. प्रश्न मलाही कळायला हवा, नाहीतर हात गोंधळतो."

"बेचाळीस वर्षं केलं मी त्यांचं. कधी काही वाटलं का, म्हणावं."

बोट सरकलं. बाईंचा खणखणीत आवाज या वेळी जरा घोगरा झाला. "तुझ्यावाचून मी कुणी नव्हतो."

सासूनं तोंडात पदर कोंबला. मंडळींत दोघीतिघींनी डोळे पुसले. बेचाळीस वर्षांत त्या बाईला मिळालेली ही पहिली पावती होती.

सून मात्र शब्द ऐकत नव्हती. ती डोळे बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायची; गल्लीत तिला नंबरवालीच म्हणत. अकरा वर्षं रोज वीस माणसांचे डोळे बघून ती खोड अंगात मुरली होती. गर्दीमुळे आजवर तिला पाटी कधी दिसली नव्हती. आज पुढची बाई रडायला खाली वाकली, आणि पाटी, बोट, म्हातारा आणि वाचामित्र असे चौघे एकदम नजरेत आले.

म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या घराच्या कठड्यावर कुणीतरी उशी वाळत घातली होती, तिच्याकडे. बोट त्याच वेळी पुढच्या शब्दासाठी 'म'वर टेकलं. मग 'न'वर. दोन्ही अक्षरं पाटीच्या उजव्या टोकाला.

 ते उजवं टोक म्हाताऱ्यासाठी जगात नव्हतंच. झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आणल्यावर नंबरवालीनंच पाहिलं होतं: ताटली पुढे ठेवली की डावीकडची बिस्किटं संपत, उजवीकडची तशीच राहत. ताटली फिरवली की तीही संपत. तिनं पेन हलवून दोन्ही डोळे तपासले. मेंदूची डावी बाजू गेली तशी दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर गेली होती. उजवीकडे मान वळवायचीही त्यांना आठवण होत नसे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर अक्षरओळखही गेलीय म्हणाले. घरात ते कुणी मनावर घेतलं नाही. पाटी आली तेव्हा तर डॉक्टरच विसरले गेले.

खोलीत पाटीकडे एकटक बघणारा एकच माणूस होता, आणि तो ठणठणीत होता.

त्याच दुपारी ती शाळेच्या बाईंच्या घरी गेली. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"तुझ्याशी बोलताना कुणी पाहिलं तर मला काय म्हणतील?"

"दार पूर्ण उघडून आत घेतलंत तर कुणी पाहणार नाही."

बाईंनी आत घेतलं, बस म्हणाल्या नाहीत.

"सोमवारी अधिकारी विचारतील," ती म्हणाली, "की बोट म्हाताऱ्याच्या मर्जीनं चालतं कशावरून? तुम्ही काय सांगाल?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"डोळ्यांनीच बघतात सगळे. मागच्या महिन्यात दुकानात एक बसचालक आला. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी तक्ता उलटला, मागच्या बाजूला वेगळी अक्षरं असतात, तर तिसऱ्या ओळीपुढे गाडी जाईना. तो खोटं बोलत नव्हता, बाई. बाकावर बसून वाट बघताना ओळ पाठ झाली होती, आणि जे पाठ होतं तेच त्याला समोर दिसत होतं. शपथेवर सांगायला तयार होता."

"म्हणजे मी बसचालक?"

"तुम्ही खऱ्या आहात. म्हणून तर तुमच्याकडे आले. तक्ता एकदा उलटून बघू. चित्रं तुम्ही निवडा, पाकिटं तुम्ही बंद करा, मला दाखवू नका."

बाई खुर्चीत बसल्या आणि तिलाही बस म्हणाल्या. तिनं सगळं समजावलं. भिंगांची दोन रिकामी खोकी, एक बाबांसमोर, एक वाचामित्रासमोर, ज्याचं त्यालाच दिसेल अशी. दहा जोड्या. काही जोड्यांत दोघांना एकच वस्तू, काहींत वेगवेगळी. एका जोडीत वाचामित्राला कोरं कार्ड. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा.

"आणि चाचणी चालू असताना तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं, दार लावून."

"का? मी काय खाणाखुणा करणार आहे?"

"तुम्ही नाही करणार. तुमचा चेहरा करेल."

बाईंना राग आला, पण तो फार टिकला नाही. "आणि सगळी बरोबर आली तर? बाबांचीच चित्रं आली तर?"

"तर सोमवारी मी स्वतः लिहून देईन, मीच ढकललं. मुलीवरचा हक्कही सोडते म्हणून खाली सही करीन."

बाईंनी वही पुढे ओढली. "फोटो घरातल्या वस्तूंचेच हवेत ना? त्यांच्या ओळखीच्या?"

"तेवढा न्याय त्यांना द्यायलाच हवा."

पुढच्या रविवारी चपला पहिल्या मजल्यापर्यंत उतरल्या होत्या. बाईंनी घरच्यांना चाचणीला तयार केलं होतं, म्हणून सुनेला आत घेतलं गेलं. तमाशात जिची फजिती व्हायची ती समोर असलेली बरी, असाच सगळ्यांचा होरा होता. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. मुलीला वरच्या मजल्यावर धाडलं होतं.

वाचामित्रानं खोक्यांकडे पाहून मंद स्मित केलं. "सोन्याला आगीची भीती नसते, मंडळी. विज्ञान म्हणतं मोजा, आम्ही म्हणतो मोजा. प्रेम मोजता येत असेल तर खुशाल मोजा. माझी एकच अट आहे. बाबांना काय विचारताय ते मला कळायला हवं. आंधळ्या हातानं आधार देता येत नाही."

"म्हणूनच तुमच्यासमोरही खोकं ठेवलंय," ती म्हणाली. "दोघांनाही चित्र दिसेल."

ती खोटं बोलली नव्हती. दोघांना एकच चित्र दिसेल, असं ती म्हणाली नव्हती.

बाबांचं खोकं तिनं डावीकडे ठेवलं, त्यांना दिसतं त्या बाजूला. मग भिंतीशी जाऊन बसली, हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. शाळेच्या बाई पाकिटं देऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि कडी लावून घेतली. कार्डं पालथी धरून खोक्यांच्या मागच्या फटींतून सरकवायचं काम नवऱ्याकडे, अक्षरं वाचून कागदावर उतरवायचं औषधवाल्याकडे.

पहिलं चित्र आत गेलं. वाचामित्रानं म्हाताऱ्याचं बोट धरलं, डोळे किलकिले केले. "बोला बाबा. सावकाश. घाई नाही."

किल्ली.

"वा," कुणीतरी म्हणालं, जरी खोक्यात किल्ली आहे की कोबी, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

छत्री. चष्मा. मांजर. बोट वेगात होतं, टकाटक पडत होतं. वाचामित्र मधूनच म्हाताऱ्याच्या कानाशी पुटपुटे, "शाबास बाबा, अगदी बरोबर." म्हातारा तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गाळत खिडकीकडे बघत होता. सासू वाकून ती पुसत होती.

सातव्या चित्राला बोट थांबलं. वाचामित्रानं खोक्यात पाहिलं, पुन्हा पाहिलं. मानेवर घाम चमकला. बोट पाटीवर एकदा गोल फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं आणि शेवटी हळूहळू चालू लागलं.

"थ... क... लो," औषधवाल्यानं वाचलं.

"ऐकलंत?" वाचामित्राचा आवाज भरून आला. "माणूस आहे तो, यंत्र नाही. आज पुरे करू या."

"तीनच राहिलीत," औषधवाला म्हणाला. तो औषधं मोजून द्यायचा. अर्धवट मोजणी त्याला सोसत नसे.

तिन्ही झाली. स्वयंपाकघराची कडी निघाली. बाई हातात यादी घेऊन बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पाहून नंबरवालीला काही कळलं नाही, आणि तिला ते बरं वाटलं.

"पहिलं," बाई म्हणाल्या. "पाटीवर काय आलं?"

"किल्ली."

"बाबांसमोर किल्ली. मित्रांसमोर किल्ली."

टाळ्या वाजल्या. नवऱ्यानं प्रथमच बायकोकडे पाहिलं.

"दुसरं?"

"छत्री."

"बाबांसमोर..." बाई थांबल्या, यादी डोळ्यांजवळ नेली. "बाबांसमोर सायकल. मित्रांसमोर छत्री."

एकदोन टाळ्या सवयीनं वाजल्या आणि मध्येच लाजून थांबल्या.

"तिसरं?"

"चष्मा."

"बाबांसमोर कात्री. मित्रांसमोर चष्मा."

"मांजर."

"दोघांसमोर मांजर."

बाईंनी खोक्यांतून निघालेली कार्डं एकेक करून सगळ्यांना दाखवली, वर्गात तक्ता दाखवावा तशी. चार जोड्यांत चित्र एकच होतं. चारही उत्तरं बरोबर. पाच जोड्यांत चित्रं वेगळी होती. पाचही वेळा पाटीवर आलं ते वाचामित्राचं चित्र. म्हाताऱ्याचं एकदाही नाही. चुकून, अंदाजानं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणूनसुद्धा नाही.

"आणि सातवं," बाई म्हणाल्या. "पाटीवर 'थकलो'. मित्रांसमोर कोरं कार्ड." त्यांनी दुसरं कार्ड वर धरलं. "बाबांसमोर हे."

ते घड्याळ होतं. म्हाताऱ्याच्या दुकानातलं, भिंतीवरचं, लंबकाचं. जिच्यावर घर उभं राहिलं, पोरगा शिकला ती वस्तू पुढ्यात ठेवली होती, आणि वाचामित्राला बिचाऱ्याला काहीच दिसत नसल्यामुळे म्हातारा थकला होता.

"हे असं होतं," वाचामित्र उठत म्हणाला. मध जरा पातळ झाला होता. "संशयाच्या हवेत मनाची पायवाट बुजते. बाबा रागावलेत. त्यांनी मुद्दाम माझं मन वाचलं, तुम्हाला धडा शिकवायला."

"पाच वेळा?" औषधवाल्यानं विचारलं.

"राग मोठा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. गेले सहा रविवार रडलेल्या खोलीतलं ते पहिलं हसू होतं, आणि चांगलं नव्हतं.

नंबरवाली भिंतीशीच बसून होती. "एक शेवटचं," ती म्हणाली. "यांना डोळे मिटून हात धरायला सांगा. बाबांचे डोळे उघडे आहेत, पाटी समोर आहे, शब्द त्यांचे आहेत. उशीनं बघायची काय गरज?"

"मी अशा पोरखेळात..."

"मिटा डोळे," सासू म्हणाली.

तिच्याकडे सगळे वळले. ती म्हाताऱ्याच्या खुर्चीला धरून उभी होती. "मिटा ना. त्यांना विचारा, माझ्याशी मागच्या रविवारी काय बोलले ते. तेवढंच परत सांगू दे."

वाचामित्रानं दाराकडे पाहिलं. दारात माणसं होती. तो बसला, डोळे मिटले. औषधवाल्यानं पुढे होऊन त्याच्या डोळ्यांवर वहीचा पुठ्ठा धरला. बोट हललं. 'ठ'. मग दोन अक्षरांमधली फट. मग 'ण', पुन्हा 'ण', मग टेबलाची कड, मग टेबलाबाहेरची हवा. म्हाताऱ्याचा हात हवेत लोंबत राहिला. सासूनं तो हलकेच घेऊन मांडीवर ठेवला.

माणूस अडचणीत सापडला की आधी पाय शोधतो, मग दुसऱ्याचं नाव. वाचामित्राचे पाय गर्दीनं अडवले होते. "मी माझ्या मनचं काही लिहीत नाही," तो नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला, आणि या वेळी बोट खरोखर त्याचं त्यानंच चालवलं. "जे घरात असतं तेच येतं. पहिल्या दिवशी साहेबांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, बाबा पडले तेव्हा घरात फक्त ही होती, सकाळी बाबांचं नि हिचं वाजलं होतं, हिनं तर काही केलं नसेल ना, तेवढं काढून द्या. मी काढून दिलं. माझं काय चुकलं?"

आडात नव्हतं ते पोहऱ्यात आलंच नव्हतं. सहा आठवडे सगळे बोलविता धनी शोधत म्हाताऱ्याच्या मनात डोकावत होते. तो धनी कार्डं सरकवायला टेबलामागे उभा होता.

 नवऱ्याच्या हातात अजून दहावं, रिकामं पाकीट होतं.

वाचामित्राला कुणी मारलं नाही. तो पाटी काखेत मारून निघाला तेव्हा लोकांनी वाट दिली, आणि जिन्यात त्याला स्वतःच्या चपला सापडायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्यावर जे बोललं गेलं, ते त्याच्या पाटीवर मावलं नसतं. बोलणारे तेच होते, जे मागच्या रविवारी रडले होते.

"त्याला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं. खोली आता रिकामी होत होती.

"कदाचित नसेलही," नंबरवाली म्हणाली. "मनात शब्द आला की हात हलतो, इतका बारीक की ज्याचा त्याला कळत नाही. वर दुसऱ्याचा हात असला की वाटतं, तोच ओढतोय. आणि वाचणाऱ्याला पहिल्या दोन अक्षरांत पुढचं दिसायला लागतं. तुम्हालाही दिसत होतं, बाई. कितीदा तरी बोट पडायच्या आत तुम्ही अक्षर म्हटलंय."

बाईंनी यादीची घडी घातली. घडीवर घडी घालत राहिल्या, मावेना तोपर्यंत.

"मग ते?" सासू म्हणाली. ती म्हाताऱ्याच्या पायाशी बसली होती. "तुझ्यावाचून मी कुणी नव्हतो, म्हणाले ते?"

बाईंनी नंबरवालीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनवणी होती. एक होकार. फुकटातला, कुणाचं काही न बिघडवणारा.

"ते त्यांचं नव्हतं, आई."

"एवढं एक ठेवलं असतंस तर काय गेलं असतं तुझं?"

"ते ठेवलं असतं तर मी ढकललं हेही ठेवावं लागलं असतं. दोन्ही एकाच बोटानं लिहिलंय."

सासूनं मान फिरवली. बेचाळीस वर्षांची पावती एका आठवड्यात परत गेली होती, आणि नेणारी समोर उभी होती. "तो निदान गोड तरी बोलायचा," ती भिंतीला म्हणाली.

बाईंना काहीतरी चांगलं बोलून जायचं होतं. "असो. तू ढकललं नाहीस हे सगळ्यांसमोर सिद्ध झालं, हे काय थोडं आहे?"

"ते सिद्ध झालं नाही, बाई."

"म्हणजे?"

"जिन्यात काय झालं ते दोघांनाच ठाऊक. मी पाच पायऱ्या खाली होते, दोन्ही हातांत पिशव्या होत्या. पण हे मी सांगतेय, आणि मी सांगणारच. आज एवढंच ठरलं की बाबा काही बोलले नाहीत. 'सून दोषी आहे' हेही नाही, 'नाही' हेही नाही. लोक आता खाली जाऊन म्हणतील, नंबरवाली सुटली. मागच्या महिन्यात म्हणत होते, अडकली. तेव्हाही कुणी तपासलं नव्हतं, आताही एवढंच तपासलंय. एवढंच म्हणा. चमत्कार दिसला की नमस्कार करा, शिव्या द्या, काय वाटेल ते करा, पण त्याआधी एकदा तक्ता उलटा. तुम्हाला जे खरं असावंसं फार वाटतंय, तिथे तर दोनदा उलटा."

बाई गेल्या. जिन्यात त्यांच्याशी कुणी बोललं नाही. सहा आठवडे अक्षरं त्यांनीच वाचली होती.

मुलगी वरून खाली आली. आईनं तिला दप्तर भरायला सांगितलं. कपडे नंतर, आधी वह्या. मुलगी काही न विचारता आत गेली. सहा आठवड्यांत ती प्रश्न न विचारायला शिकली होती.

"आता कुठे नेतेस?" नवरा दारात येऊन म्हणाला. "झालं ना सगळं. घरीच राहा."

"तुला विचारायचं होतं तर मला विचारायचंस."

"बाबांच्या तोंडून कळलं तर बरं, असं वाटलं."

"बाबांच्या तोंडून तुझंच ऐकायचं होतं तुला."

 ती खुर्चीजवळ गेली. सात महिन्यांपूर्वीची सवय म्हणून ती म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला बसली, त्याला दिसतं तिथे. खिडकीबाहेरची नजर हळूहळू आत आली, तिच्या चेहऱ्यापर्यंत आली आणि थांबली. तिनं आपला हात त्याच्या डाव्या तळव्यात ठेवला. कुणी काही शिकवलेलं नव्हतं, कुणी आधार दिलेला नव्हता. म्हाताऱ्याची बोटं मिटली. घट्ट मिटली, दुखेल इतकी.

 "बघितलंस?" नवरा हळू म्हणाला. "त्यांनी हात धरला तुझा. आई, इकडे बघ. बाबांना म्हणायचंय, हिनं काही केलेलं नाही." त्याचे डोळे भरून आले होते. त्याला तेवढं हवं होतं. ते मिळालं की त्याचंही सुटणार होतं. सासूही वळून बघू लागली.

 त्या जिन्यात नंबरवालीशिवाय असलेला एकुलता एक माणूस तिचा हात धरून बसला होता, आणि सहा आठवड्यांत तिला याच्याइतकं दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

 मग तिनं एकेक बोट सोडवत आपला हात काढून घेतला, पर्समधून चष्म्याची रिकामी डबी काढली आणि त्याच तळव्यात ठेवली.

बोटं डबीवर मिटली. घट्ट, तितकीच घट्ट. म्हातारा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि डबी सोडत नव्हता.

"काय म्हणाले?" सासूनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. डबी तिनं तिथेच राहू दिली, मुलीच्या खांद्यावरचं दप्तर आपल्याकडे घेतलं, आणि दोघी जिना उतरल्या.